भौतिकशास्त्राची पाणीपाळी

ती. मिनाताई,

अंजलीचा सप्रेम जय भीम. दाजींनाही सांगा. (समोर आलात की मी तुम्हाला 'अगं ताई' म्हणते आणि कागदावर मात्र 'अहो' होते. यातलं एक काहीतरी खोटं असणार, असं मला नेहमी वाटतं. पण पेन हातात घेतलं की मान आपोआप खाली जाते, त्याला इलाज नाही.) गुडघा कसा आहे? मागे म्हणाला होतात की जिना चढताना काही वाटत नाही, उतरताना मात्र कळ येते. तेव्हापासून मला वाटतंय की यात भौतिकशास्त्र आहे आणि ते मला सांगता यायला हवं. पण तो भाग ज्या पुस्तकात येतो ते मी अजून रीतसर घेतलेलंच नाही. का घेतलं नाही, तेच सांगायला हे पत्र. दाजींचं मीठ कमी झालं का? इकडे आम्ही सगळे खुशाल. हळदीला यंदा पाऊस वेळेवर झाला, आणि आत्याबाईंच्या (म्हणजे सासूबाईंच्या) डोळ्याचं ऑपरेशन इतकं चांगलं झालं की त्यांना आता माझ्या भांड्यांवरचे डाग लांबूनच दिसतात.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. एक तर मी गावच्या डाकघराची डाकपाल. बँकेच्या आणि कोर्टाच्या कागदांशिवाय गावातून काहीच जात-येत नसेल तर त्या लाल पेटीकडे बघायचा मला संकोच वाटतो. दुसरं असं की फोनवर तुम्ही पहिल्याच वाक्याला 'मी तुला सांगितलं होतं' म्हणणार. पत्रात तुम्हाला ते म्हणायला शेवटपर्यंत थांबावं लागेल. (हे मी डाकघर बंद केल्यावर, घरच्या पेननं लिहीत आहे. तिकीटही विकत घेऊन लावीन. कोणी विचारलेलं नाही, तरी सांगून ठेवते.)

तर मूळ गोष्ट. बारावी सायन्सनंतर मी बी.ए. केलं, कारण सायन्सचं कॉलेज लांब होतं आणि आर्ट्सचं एसटीच्या रस्त्यावर होतं, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यानंतर अर्धं आयुष्य उलटल्यावर गेल्या वर्षी मी एका दूरशिक्षण विद्यापीठात बी.एस्सी. भौतिकशास्त्राला नाव घातलं. या विद्यापीठाची माहितीपुस्तिका फार सभ्य आहे. विद्यार्थ्यानं विषय आपल्या सोयीनं, हव्या त्या क्रमानं घ्यावेत, असं तिच्यात लिहिलंय. इतकं स्वातंत्र्य मला आजवर कुणी दिलेलं नव्हतं, म्हणून मी घाबरून तुम्हाला विचारलं, भौतिकशास्त्राच्या मास्तरीण आपल्यात तुम्हीच. तुम्ही तासाभरात कळवलंत: आधी गणित आणि यांत्रिकी, मग लहरी आणि प्रकाश, मग उष्णता, मग वीज आणि चुंबकत्व, आणि अगदी शेवटी क्वांटम, अणुकेंद्र, घनपदार्थ वगैरे मंडळी. खाली एक ओळ होती: 'हा क्रम मोडू नकोस.' ताई, मी तो मोडला. नुसता मोडला असता तर माफी मागून सुटले असते. मी तो उलटा केला. शेवटचे चार विषय सगळ्यात आधी घेतले. आता या वर्षाचे विषय येत्या सोमवारपर्यंत भरायचे आहेत, आणि कोणते घ्यायचे हे तर राहोच, पुढे शिकायचं की इथंच मानानं थांबायचं हेच मला ठरवता येत नाहीये. ('मानानं' का, ते पुढे येईल. मला स्वतःलाच तो शब्द खुपतोय.)

झालं असं. आमच्या घरी मोठा निर्णय ओसरीत, संध्याकाळच्या चहानंतर होतो. म्हैस घ्यायची की नाही, पुनमला (माझी लेक, आता नांदेडला शिकते) होस्टेलला ठेवायचं की नाही, सगळं तिथंच ठरलं. तुमचा क्रम पक्का होता तरी न विचारता फॉर्म भरणं मला बरं वाटेना, म्हणून मी विषयांची नावं मोठ्यानं वाचून दाखवली. हीच माझी पहिली चूक. (दुसरी चूक म्हणजे प्रत्येक विषय काय असतो तेही मी समजावलं.) आत्याबाईंनी नावं नीट ऐकली आणि ऋतूप्रमाणे वाटणी केली. परीक्षा जूनमध्ये, अभ्यास एप्रिल-मेमध्ये, तेव्हा उष्णतेचा पेपर तर मुळीच नको. "जीव आधीच काय कमी तापून राहिलाय, त्यात वरून त्याचा अभ्यास काहून?" प्रकाशाचा विषय पावसाळ्यात नको, कारण आभाळ असतं. आणि वीज? "ज्या दिवशी लाइट दिवसभर टिकंल त्या दिवशी घे." म्हणजे तो विषय कायमचा गेला.

आमचे हे, म्हणजे प्रेमानंद, वसमत आगारात वाहक आहेत. ते ड्युटीवरून येऊन भिंतीला टेकले होते. ते म्हणाले, गर्दीच्या वेळी मी दारात उभा राहून काय ओरडतो? लांबचे आधी चढा, मधले मागून. शेवटच्या थांब्याचा माणूस खाली राहिला तर त्याचं काय होणार, मधल्याला दुसरी गाडी मिळते. मला ते पटलं नाही. पण मामांनी (सासरे, तुम्हाला आठवत असतील, माझ्या लग्नात तुमच्याशी पावसावर बोलत बसले होते) मान वर केली. मामा म्हणजे शेषराव, निवृत्त कालवा निरीक्षक. आमच्या तालुक्यातल्या एका लहानशा तलावाच्या कालव्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. ते जगातल्या कुठल्याही गोष्टीचे दोन भाग करतात. तलावाजवळचा तो हेड, कालवा जिथं संपतो तो टेल. आमचं गाव टेलला आहे.

"शेवटचा इषय कोणता म्हनलीस?"

"क्वांटम, मामा."

"अवघड हाये?"

"सगळ्यात."

"मंग तो टेल. टेलला पानी आधी."

मग त्यांनी काठीनं अंगणात लांब रेघ ओढली, एका टोकाला यांत्रिकी बसवली, दुसऱ्या टोकाला क्वांटम, मध्ये दोन्ही बाजूंनी चाऱ्या, म्हणजे पोटकालवे, काढून बाकीचे विषय लावले, आणि कालव्याचा नियम सांगितला. पाणीपाळी सोडली की आधी टेलच्या शेतांना द्यायचं आणि मग मागं मागं येत हेडला शेवटी. "हेडवाल्याला द्यावं लागत न्हाई, तो घेतोच. त्याला पाझराचंबी पुरतं. टेलचा मानूस बांधावर बसून वाट बगतो, आन पाळी संपून जाती. तुझा उत्साह म्हंजे किती पानी हाये, मला म्हाईत हाये ना. हेडला सोडलंस तर टेलपत्तुर चिखलबी पोचनार न्हाई."

ताई, हे वाक्य माझ्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. आमच्या माळ्यावर एक हार्मोनियम आहे, जिच्यावर मला फक्त आरोह येतो. एक स्वेटर आहे, एका बाहीचा. मोडी लिपी शिकायचं पुस्तक आहे, त्यात 'क' पर्यंत माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. रोजनिशी सोडली तर मी सुरू केलेली कुठलीही गोष्ट टेलला गेलेली नाही. यांत्रिकीपासून सुरुवात केली तर दोन वर्षांनी माळ्यावर यांत्रिकीचं पुस्तक असेल आणि क्वांटमची फक्त इच्छा असेल, हे मला स्वच्छ दिसलं. (मी मामांचं ऐकलं, की मला जे आधीच हवं होतं ते मामांच्या तोंडून आलं म्हणून ऐकलं? त्या दिवशीच्या रोजनिशीत मी दोन्ही लिहून ठेवलंय आणि खाली 'विचार करावा' असं लिहिलंय. अजून केलेला नाही.) गावात जळबा नावाच्या पोराचं ऑनलाइन केंद्र आहे. त्याच्याकडून फॉर्म भरून घेतला. त्यानं विचारलंसुद्धा, "वैनी, खालून वर टिक करायची का?" मी म्हटलं, हो.

अभ्यासकेंद्रात याचा बोभाटा झाला. तिथले समुपदेशक ओमप्रकाश सर फार भले आहेत. त्यांनी माझा फॉर्म बघितला, चष्मा काढून पुसला, परत बघितला, आणि मला धीर द्यायला लागले की मॅडम, घाबरू नका, फॉर्म उलटा भरला गेलाय, दुरुस्ती होते. माझ्यासोबत मामा आले होते. ("एकटी जाऊ नको, हापिसात मानूस एकटा पडतो.")

"दुरुस्ती कशाची? बराबर हाये," मामा म्हणाले.

"काका, पहिलं वर्ष सोडून तिसऱ्या वर्षाचं कसं जमेल? त्यांना काहीच कळणार नाही."

"तुमचं गाव कोणतं?"

सरांनी नाव सांगितलं. त्याच कालव्यावरचं निघालं, तलावाच्या भिंतीला लागून, पहिल्या चारीवर. मामा माझ्याकडे वळले. "हेडचे. मी बसल्या बसल्या वळखलं होतं."

"अहो काका, आमच्या उसाचा इथं काय संबंध?"

"ऐकलंस? मी उसाचं नावबी काढलं न्हाई." मामांना इतका आनंद झालेला मी पुनमच्या बारशाला पाहिला होता, त्यानंतर तेव्हाच. "सर, तुमी भले मानूस हाव. पर वाट बगनं काय आसतं ते तुमाला कधी करावं लागलं न्हाई. राहू द्या फॉर्म हाये तसा." सरांनी शिपायाला सांगून आम्हाला चहा मागवला आणि सही केली. परत येताना मला वाटत राहिलं की सरांचं बरोबर होतं आणि आपण निदान त्यांच्या चहाला तरी नाही म्हणायला हवं होतं.

पुस्तकं आली. क्वांटमचं उघडलं. पहिल्या पानावर लिहिलेलं, 'यांत्रिकीमध्ये आपण पाहिलेच आहे की.' दुसऱ्या पानावर, 'लहरींच्या अभ्यासक्रमात सिद्ध केल्याप्रमाणे.' तिसऱ्यावर, 'हे गणित विद्यार्थ्याच्या ओळखीचे आहेच.' मी प्रामाणिकपणे प्रत्येक ठिकाणी समासात पेन्सिलीनं 'कधी?' लिहीत गेले. हळदीचं वाळवण अंगणात पसरलेलं, मी राखणीला कडुलिंबाखाली, मांडीवर पुस्तक, आणि समास 'कधी? कधी? कधी?'नी भरत चाललेला. शेळ्या हळदीला तोंड लावत नाहीत, पण तुडवतात. त्या दिवसांत त्यांनी बरंच तुडवलं असणार, माझं लक्ष नव्हतं. फेब्रुवारी संपता संपता मी चारही पुस्तकं सुतळीनं बांधली आणि माळ्यावर हार्मोनियमशेजारी ठेवली. खाली उतरले तर शिडी धरून मामा उभे.

"काहून बांधलीस?"

"मामा, टेल कोरडं आहे. मागचं काही येतच नाही मला. सगळं पुस्तक मागच्याच गोष्टी सांगतंय."

मामा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी कालव्यात म्हैस धुताना सापडले होते. "मंग टेलला पानी काय आभाळातून येतं व्हय? हेडवरूनच येतं ना, पोरी! हेडची दारं बंद ठेवायची आसत्यात. कालवा बंद न्हाई ठेवायचा!"

"हे आधी का नाही सांगितलं?"

"एवढं कुनाला सांगावं लागतं का? तेबी बी.ए. झालेल्या मानसाला?"

ताई, मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसले आणि हसत सुटले. आत्याबाई पदर खोचून बाहेर आल्या, त्यांना वाटलं मी पडले. मग पुस्तकं खाली आली. तुमच्याकडून आणलेली यांत्रिकीची आणि लहरींची जुनी पुस्तकं उघडली. (ती मी 'पुनमसाठी' म्हणून नेली होती. पुनमनं ती बघितलीसुद्धा नाहीत. तिला वाणिज्य आवडतं.) आता पद्धत अशी झाली की क्वांटमच्या पुस्तकात 'कधी?' आला की तिथून मागं जायचं, मागच्या पुस्तकात नेमकं तेवढंच शिकायचं, आणि तिथं रेंगाळायचं नाही. मामा रोज चहाच्या वेळी पाळीचा अहवाल घेत.

"कुठवर आलीस?"

"लहरींपर्यंत."

"दार बंद करून आलीस ना?"

एकदा मी दार उघडं टाकलं, ते सांगते. मला फक्त हेलकाव्याचं एक सूत्र हवं होतं, पण मी लंबकापाशी अडकले. वजन कमी-जास्त केलं तरी झोक्याला वेळ तेवढाच लागतो, हे पुस्तकात वाचून माझा विश्वास बसेना. शेजारच्या राधिकाचं लेकरू साडीच्या झोळीत झोपतं. मी आधी रिकामी झोळी हलवून मोबाइलवर वेळ मोजली, मग लेकरासकट मोजली. जवळजवळ सारखी! मी आनंदानं ओरडले, लेकरू उठलं, राधिका धावत आली. तिला वाटलं मी तिच्या पोराचं वजन करतेय. "वैनी, लेकराला असं मोजू नये, नजर लागती." मी तिला समजावलं की मी लेकराला नाही, झोळीला मोजत होते, आणि लेकरू असल्या-नसल्यानं काही फरक पडत नाही. हे वाक्य आईला सांगायचं नसतं हे मला बोलून झाल्यावर कळलं. तिनं आठवडाभर विरजण दिलं नाही. मामांनीही त्या दिवशीच्या चहाला मला हेडवाली म्हटलं.

पण ताई, काय सांगू, मजा आली हो. इतकी मजा मला बी.ए.च्या तीन वर्षांत मिळून आली नव्हती. पेटीत कोंडलेला कण कधीच पुरता स्वस्थ बसू शकत नाही, हे मला कळलं त्या दुपारी मी डाकघरात एका मनीऑर्डरवर दोनदा शिक्का मारला. (त्याची नोंद केली आहे.) ते मी ओसरीत सांगितलं तर आत्याबाई म्हणाल्या, "डालग्यात कोंबडी तरी कुठं बसती?" आणि भिंत ओलांडायचं बळ नसतानाही तो कण कधीकधी भिंतीच्या पलीकडे सापडतो, हे सांगितलं तेव्हा प्रेमानंद म्हणाले, म्हणजे विनातिकीट. मामा मात्र उठून उभे राहिले. "पाझर!" ते म्हणाले. "चोरी न्हाई ती. पाझर हाये. मी किती येळा रिपोर्टमंदी लिवलं, साहेब मानत नव्हते." हे विद्यापीठ मानतं याचा त्यांना अभिमान वाटला. त्यांचं म्हणणं आणि पुस्तकातलं एक नव्हे, हे मला माहीत आहे, तुम्ही रागावू नका. पण तेव्हा दुरुस्त करणं मला जमलं नाही. पुढे करीन.

जूनमध्ये परीक्षा झाली. निकाल मागच्या पंधरवड्यात लागला. जळबानं मोबाइल घेऊन घरीच आणला. चारपैकी तीन विषयांत मी नापास. अणुकेंद्रात तर इतकी की ओमप्रकाश सरांनी फोन करून विचारलं, त्या दिवशी तब्येत बरी होती ना? आणि क्वांटममध्ये पास. काठावर, एक गुण इकडे-तिकडे झाला असता तरी गेले असते. मी जळबाला दोनदा परत बघायला लावलं, कारण दुसऱ्या कुणाचा निकाल माझ्या नावावर आला असेल तर तो घेणं बरोबर नाही. तो माझाच होता.

मामांनी तीन नापास ऐकलेच नाहीत. ते टोपी घालून बाहेर पडले ते पेढे घेऊन परतले, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत आले की सुनेचा शेवटचा पेपर निघाला. आता गावात 'शेवटचा पेपर निघाला' याचा अर्थ एकच होतो. लोकांनी विचार केला, शेवटचा निघाला म्हणजे सगळं झालं. सगळं झालं म्हणजे पदवी. संध्याकाळपर्यंत मी शास्त्रज्ञ झाले होते. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या पोरांनी सत्कार ठरवला. रविवारी, विहारासमोरच्या पटांगणात. फ्लेक्ससुद्धा लागला. त्यावरचा माझा फोटो कुणाच्या तरी लग्नातून कापलाय. माझ्या खांद्यावर एक बांगड्या भरलेला हात आहे, तो कुणाचा ते गावात कुणालाच ओळखता आलेलं नाही. डोक्यामागे एक अणू असा बसवलाय की मी कुठल्यातरी पंथाची संस्थापक वाटावी. खाली लिहिलंय, 'पदवीधर सौ. अंजलीताई प्रेमानंद खिल्लारे यांचे हार्दिक अभिनंदन.' मी मंडळात जाऊन पोरांना सांगितलं की अजून मोठा भाग शिल्लक आहे. ते म्हणाले, वैनी, तुमचा नम्रपणाच लई मोठा. 'पदवीधर' हा शब्द खोडायला सांगावा म्हटलं, तर मी बी.ए. आहेच, म्हणजे शब्द खोटा नाही. पण खरा आहे का? तीन दिवस मी डाकघरात जायला मागच्या गल्लीचा वापर करतेय.

आणि आता तो 'मानानं'. ताई, मनातलं सांगते. काल दळणासाठी त्या फ्लेक्सखालूनच जावं लागलं, तेव्हा क्षणभर मला वाटलं, सगळे म्हणतायत झालं, तर मग झालंच. सोमवार असाच जाऊ दिला तर कुणी मला विचारणारही नाही. माळ्यावर या वेळी एक पास झालेलं पुस्तक जाईल, तेसुद्धा क्वांटमचं. हारतुरे घेऊन थांबता येईल. आयुष्यात पहिल्यांदा मला थांबायला इतकी चांगली जागा मिळालीय. आणि त्याच वेळी, तुमच्या जुन्या यांत्रिकीत फिरणाऱ्या भोवऱ्याचं एक प्रकरण आहे, ज्याचं दार मी मामांच्या भीतीनं बंद करून पुढे गेले होते. ते प्रकरण काल दिवसभर डोक्यातून जाईना. भोवरा कलतो तरी पडत का नाही? मला काहीच कळत नाही, मी थांबणारी आहे की कलणारी. तुम्ही मास्तरीण आहात, तुम्ही सांगा. यांत्रिकी, गणित, लहरी, उष्णता, वीज, आणि ते तीन नापास पेपर, हे सगळं आता कोणत्या क्रमानं घ्यावं? की घेऊच नये? या वेळी तुम्ही जो क्रम द्याल तो मी ओसरीत वाचून दाखवणार नाही.

दाजींना सांगा, इकडे आलात तर सिद्धेश्वरच्या धरणावरची मासळी खायला घालीन, बिनमिठाची. पुनमनं तुम्हाला जय भीम सांगितला आहे. मोठ्यांना वंदन, धाकट्यांच्या गालाला हात. इथे थांबते, दिवेलागण झाली आणि पिठाला अजून पाणी लावलेलं नाही.

तुमची धाकटी,
अंजली

ता.क. मूळ कामाचं लिहायचं राहिलं. रविवारच्या सत्काराला प्रमुख पाहुणे मिळेनात. मामांनी परस्पर तुमचं नाव सांगून टाकलंय, 'प्राध्यापक मिनाबाई, लातूर'. फ्लेक्सवर जागा सोडली आहे. पत्र उद्या निघालं तर शुक्रवारी तुमच्या हातात पडेल (आमचं खातं वक्तशीर आहे), तेव्हा कृपा करून या. गुडघ्यासाठी स्टेजला पायरी न ठेवता उतार करून घेते. फक्त एक विनंती: मंचावर 'मी हिला आधी यांत्रिकी घ्यायला सांगितलं होतं' असं म्हणू नका. मामा पहिल्या रांगेत असतील.

दुसरं ता.क. वरची विनंती परत घेते. म्हणा. माईकवरून स्पष्ट म्हणा, की हिचं अजून पुष्कळ बाकी आहे आणि ही ते सगळं पूर्ण करणार आहे. माझा माझ्यावर भरवसा नाही, पण माईकवरून गावाला सांगितलेलं मोडायची माझी छाती नाही. मामांना मात्र यातलं काही कळू देऊ नका. टेल भिजल्यावर मी हेडकडे निघाले हे त्यांना कसं वाटेल कोण जाणे. पाकीट चिकटवायला त्यांच्याकडेच देतेय, डिंकाची बाटली त्यांच्या खोलीत असते.

(वेगळ्या अक्षरात)

चि. सौ. मिनाबाई यांना शेषरावचा जय भीम. पाकीट डकवायला दिलं म्हणून चार ओळी. सुनेचं पत्र वाचनं बरं न्हाई म्हणून वाचलं न्हाई (पयलं पान सोडून). विनंती अर्ज असा की, आपण रविवारी जरूर यावे आणि माईकवर सांगावे की अंजलीचं अजून संपलं न्हाई, हेड बाकी हाये, हेडचाबी हक्क आसतो. मी सांगितलं तर लोक म्हनतेत म्हातारा कालव्याचं बोलून राहिला. फ्लेक्स बगून ती थांबल आशी भीती वाटून राहिली. पेढे मीच वाटले, माझीच चूक, सबब आपणास तकलीफ देत हाये.

आनखी एक, हे तिला सांगू नका. टेलला आधी पानी हा नियम कागदावर बराबर होता. मी तो हजार येळा वाचून दाखवला आसंल. पर माझ्या सगळ्या नोकरीत टेलच्या शेवटच्या शेतात पानी खळखळताना मी कधी बगितलं न्हाई. यंदा बगितलं, आमच्या घरात. कळावे.